प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील सुधारणा (भारत)

प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी १९६० साली झालेला केंद्रीय अधिनियम काळानुरूप बदलण्याचे प्रयत्न. १८९० च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा या अधिनियमाने घेतली. त्यामागे नृत्यांगना व राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा ध्यास होता. त्यांचे खासगी विधेयक पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनानंतर मागे घेतले गेले आणि पुढे सरकारनेच कायदा केला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा.

जनावराला मारणे, उपाशी ठेवणे, त्याच्यावर अतिभार लादणे हे कलम ११ नुसार गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांनंतरही तेवढाच. टीका होते ती बहुधा या आकड्यावर. खरी अडचण मात्र कलम ३१ मध्ये आहे. त्यानुसार यांतले बहुतेक गुन्हे अदखलपात्र ठरतात. उसाने बेसुमार लादलेली बैलगाडी डोळ्यांदेखत चालली, बैल गुडघ्यावर आला, तरी पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. शिवाय कलम ३६ प्रमाणे खटला तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो. नुसता दंड वाढवून यांतले काहीच सुटणार नाही.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू (तामिळनाडूतील बैलाला काबूत आणण्याचा खेळ) व बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि भूक-तहान, वेदना, भीती यांपासून मुक्ती यांसारखी पाच स्वातंत्र्ये प्राण्यांना मान्य केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे राज्यांच्या हाती हा कायदा सैलही होऊ शकतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा जनतेपुढे ठेवला. त्यात पाच स्वातंत्र्यांचा समावेश व अमानुष क्रौर्यासाठी वेगळी, कडक शिक्षा होती. त्याचा कायदा झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारून टाकण्यास किंवा अपंग करण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण प्राण्यांवरील लैंगिक अत्याचार ज्यात येई ते जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ वगळले गेले. ही उणीव गंभीर आहे.

२०१९ मध्ये प्राणी कल्याणाचा विषय पर्यावरण मंत्रालयाकडून पशुसंवर्धनाकडे गेला. दूध, अंडी, मांस यांचे उत्पादन वाढवणे हे ज्या खात्याचे काम, त्याच्याकडेच त्या जनावरांच्या हालांवर देखरेख आली. स्वतंत्र यंत्रणेची गरज इथे सर्वांत जास्त आहे.