रक्तजल नेत्रबिंदू

रक्तजल नेत्रबिंदू : रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील रक्तजलापासून (सीरम) तयार केलेले डोळ्यांत घालायचे थेंब. रासायनिक भाजण्यानंतर ते वापरल्याची नोंद १९७५ मधली आहे. १९८४ मध्ये शोग्रेन विकारातील (यात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू व लाळेच्या ग्रंथींवरच उलटते) कोरड्या डोळ्यांसाठी ते वापरले गेले. डोळे येऊन गेल्यावर मागे राहणाऱ्या कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) तक्रारींसाठीही आता ते दिले जातात, मात्र सगळ्याच तक्रारींवर त्यांचा उपयोग सारखा नाही.

पुणे जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात डोळे येण्याची मोठी साथ आली. अशा साथीत बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतात. अडिनोव्हायरस या डोळे आणणाऱ्या विषाणूच्या काही प्रकारांत मात्र लाली गेल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कॉर्नियाच्या वरच्या थराखाली बारीक गोल पांढुरके ठिपके उमटतात. तिथे विषाणू वाढत असतो असे नाही. त्याच्या उरलेल्या अंशांवर शरीराच्या पेशी तुटून पडलेल्या असतात. ठिपके महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतात. दिवसा वाचायला त्रास होतो आणि रात्री दुचाकी चालवताना समोरच्या गाडीचा दिवा पसरून दिसतो. स्टेरॉइडच्या थेंबांनी ठिपके फिकट होतात, पण थेंब थांबवले की पुष्कळदा पुन्हा वर येतात. म्हणून औषधाच्या दुकानातून तीच बाटली परस्पर आणत राहण्याची सवय लागते, आणि ती घातक आहे : डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे हे त्यावरचे पर्याय.

रक्तजलाचे काम वेगळे आहे. त्यात अ जीवनसत्त्व, फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटून राहायला मदत करणारे प्रथिन) आणि पेशींची वाढ घडवणारी प्रथिने असतात. अश्रूंतही ती असतात, कृत्रिम अश्रूंच्या बाटलीत नसतात. त्यामुळे साथीनंतर उरलेला कोरडेपणा, न भरणारी जखम किंवा पुन्हापुन्हा सोलवटणारा वरचा थर यांवर या थेंबांचा भरवसा अधिक. खोलवरच्या ठिपक्यांसाठी हे थेंब आणि प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाचे (पीआरपी) थेंब वापरून पाहिले गेले आहेत, पण तिथला पुरावा अजून तोकडा आहे. ‘रक्ताचे थेंब घातले की डाग जातात’ हे ऐकीव बोलणे तितक्यापुरतेच घ्यावे.

थेंब बनवताना दंडातून रक्त काढून साध्या नळीत सुमारे दोन तास गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवतात. तळाशी लाल गोळा बसतो, वर फिकट पिवळे पाणी राहते. ते निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळून बहुधा २० टक्के प्रमाणात आणतात. वाढ रोखणारे एक प्रथिन (टीजीएफ-बीटा) रक्तजलात अश्रूंच्या सुमारे पाचपट असते, म्हणून ही पातळी. पीआरपीसाठी मात्र रक्त गोठू न देता, सायट्रेट घालून हळू फिरवतात. रक्त घेण्याआधी एचआयव्ही, कावीळ ब व क यांच्या चाचण्या होतात. अंगात रक्त कमी असेल तर हा मार्ग सहसा टाळतात.

यात परिरक्षक (जंतूंची वाढ रोखून औषध टिकवणारे रसायन) नसते, त्यामुळे खरी कसोटी घरी लागते. बंद कुपी उणे २० अंश सेल्सिअसला साधारण तीन महिने टिकते. उघडलेली फ्रिजमध्ये ठेवावी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत, फार तर आठवड्याभरात, टाकून द्यावी. कुपीचे टोक पापणीला लागले तरी जंतू आत शिरतात. थेंब गढूळ दिसला तर घालू नये. एकाची कुपी घरातल्या दुसऱ्याने वापरायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. जुन्नर किंवा भोरहून पुण्यात येणाऱ्याला कुप्या बर्फाच्या डब्यातून न्याव्या लागतात, आणि साठा संपला की पुन्हा दंड पुढे करावा लागतो. परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रूंनी भागत असेल, तर हा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.