गुप्त म्हणजे निनावी नव्हे

चोपड्याकडचा एक केळीवाला. व्यापाऱ्याच्या काट्यातली लबाडी त्याने दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहिली, तीही स्वतःच्या नंबरवरून. मी हटकलं तर म्हणाला, "एन्क्रिप्टेड शे ना, कोनले समजस?" दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट व्यापाऱ्याकडे होता आणि याच्या बागेकडे कापणीला कोणी फिरकेना.

हे 'एन्क्रिप्टेड आहे ना' ऐकून माझे कान किटले आहेत. एन्क्रिप्शन तुम्हाला ठाऊक आहे: मजकुराला कुलूप, वाटेत कोणाला वाचता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपने ते २०१६ मध्ये सगळ्यांना दिलं. पुढे चला. (ब्राउझरमधला इन्कॉग्निटो मोड फक्त तुमच्याच फोनवरची हिस्ट्री लपवतो. त्यावर याहून जास्त शाई घालवणार नाही.)

लाख लावलेलं पाकीट आणि चावडीवर रात्रीतून चिकटवलेलं बिनसहीचं पत्रक, या दोन वेगळ्या वस्तू. पाकिटात काय आहे ते पोस्टमनला कळत नाही, पण कोणी कोणाला कधी धाडलं ते वरच दिसतं. पत्रक अख्खं गाव वाचतं, लिहिणारा मात्र सापडत नाही. पहिलं गुप्त, दुसरं निनावी. आपल्या केळीवाल्याला पत्रक हवं होतं. त्याने पाकीट पाठवलं, तेही दोनशे जणांना, वर स्वतःचा नंबर घालून.

सरकारला हा फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या वर्षी देशात अशा हत्या होत राहिल्या आणि केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपकडे अफवेचा उगम शोधायची सोय मागितली. २०२१ च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत ती मागणी नियम ४(२) म्हणून आली. तो नियम नीट वाचा: मेसेजमधला मजकूर देण्याची सक्ती नाही, पहिल्यांदा तो कोणी धाडला तेवढं सांगा. म्हणजे कुलूप राहू द्या, नाव द्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, कारण एक नाव काढायचं तर प्रत्येकाच्या प्रत्येक पाकिटावर खूण करून ठेवावी लागेल आणि मग कुलूपही नावापुरतंच उरेल. मला कंपनीचं पटतं. राईनपाडा आठवला की आजही पोटात तुटतं, तरीही. अफवा पसरवणाऱ्याला शोधणारी खूण काट्याबद्दल लिहिणाऱ्यालाही शोधते.

सरकारने साइट बंद करणं, म्हणजे आयटी कायद्याचं कलम ६९अ, हा तिसराच विषय. तिथे मजकूर अडतो, तुम्ही नाही. तो अडसर व्हीपीएनने, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे फिरवणाऱ्या सेवेने, ओलांडता आला की लोक स्वतःला अदृश्य समजू लागतात. अरे, व्हीपीएन म्हणजे फक्त पोस्टमन बदलणं. नव्या पोस्टमनला तुम्ही कोण ते कळतंच, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार त्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाच वर्षं जपून ठेवायचं आहे. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. टॉर हे मोफत नेटवर्क निराळं: तुमचा संदेश तीन सर्व्हरमधून जातो, म्हणजे तीन टप्पे, आणि पाठवणारा नि पोचायचं ठिकाण ही दोन्ही टोकं एकाही टप्प्याला दिसत नाहीत. संथ आहे, पण खरोखर निनावी राहायचं असेल तर मी तेच सांगेन. मात्र टॉरवरून आपल्याच नावाच्या खात्यात लॉगिन केलं, की संपलं.

हे सगळं केळीवाल्याला समजावलं. थोडा विचार करून म्हणाला, नवं सिम घेतो.

"कोणाच्या आधारवर?"

"बायकोना."