हृदयचित्रवाचनातील एकवाक्यता

हृदयचित्रवाचनातील एकवाक्यता : एकाच रुग्णाचे एकच हृदयचित्र दोन किंवा अधिक वाचकांनी एकमेकांना न विचारता वाचले, तर त्यांचे निष्कर्ष कितपत जुळतात त्याचे माप. हृदयचित्रांत मुख्यतः टू-डी इको (ध्वनिलहरींनी काढलेले हलते चित्र) आणि गॅमा कॅमेऱ्यावरील रक्तपुरवठा-चित्रण (शिरेतून दिलेल्या किरणोत्सारी द्रव्याचे; रुग्णांच्या तोंडी ‘थॅलियम’, आता द्रव्य बहुधा टेक्निशियम असले तरी) येते. सीटी व एमआरआय यांचाही समावेश होतो. त्याच वाचकाने तेच चित्र काही आठवड्यांनी पुन्हा वाचून केलेली तुलना म्हणजे स्वएकवाक्यता. ती सहसा जास्त भरते, पण पूर्ण क्वचितच.

‘एकवाक्यता’ ही संज्ञा मीमांसेतली, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातली आहे. जी पदे मिळून एक अर्थ सांगतात आणि वेगळी काढली तर साकांक्ष (अर्थ अपुरा, एकमेकांची अपेक्षा असलेली) राहतात ती एक वाक्य, असे जैमिनिसूत्र (२.१.४६) सांगते. ‘एकमत’ हा अर्थ मराठीत पुढे रुळला. वैद्यकात ती वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : दोन वाचक जुळूनही दोघे चुकलेले असू शकतात.

वाचकभेदाचा पद्धतशीर अभ्यास हृदयापासून सुरू झाला नाही. क्षयरोग शोधण्यासाठी छातीचे क्ष-किरण फोटो वाचताना तज्ज्ञांत, आणि एकाच तज्ज्ञाच्या दोन वाचनांत, किती फरक पडतो हे अमेरिकेत १९४७ च्या सुमारास बर्केलो, येरुशाल्मी आदींनी दाखवले. १९४९ मध्ये फ्लेचर व ओल्डहॅम यांनी कोळसा खाणकामगारांच्या फोटोंबाबत असेच काम केले. हृदयाकडे ही दृष्टी आधी इसीजीच्या वाटेने आली. इसीजीतील बदलांना ठरावीक संकेतांक देणारी १९६० ची मिनेसोटा सांकेतिक पद्धत वाचकांना एका नियमात बांधण्यासाठीच होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास अँजिओग्राफीवरील वाचकभेदही मोजला गेला.

मापाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. आज प्रचलित असलेला कप्पा (ग्रीक अक्षर κ) गुणांक, म्हणजे योगायोगाची जुळणी वजा करून उरलेल्या जुळणीचे माप (पूर्ण जुळणीला १, नुसत्या योगायोगाला ०), जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. मात्र योगायोगाने होणारी जुळणी वजा करण्याची कल्पना स्कॉट यांच्या १९५५ च्या पाय (ग्रीक अक्षर π) गुणांकात आहे, त्याआधी १९५४ च्या बेनेट, अल्पर्ट व गोल्डस्टीन यांच्या मापातही आहे. काही जण तर तिचे बीज गॉल्टनच्या बोटांच्या ठशांवरील १८९२ च्या ग्रंथात शोधतात. गॉल्टनला जनकत्व देणे ओढूनताणून वाटते. स्कॉट यांचा दावा अधिक वजनदार आहे. पण स्कॉट दोन्ही वाचकांचा कल (कोणता निष्कर्ष किती वेळा देतात तो) एकच धरतात, कोहेन प्रत्येकाचा वेगळा मोजतात, आणि इस्पितळातले दोन डॉक्टर पाहता कोहेन यांचे गृहीतक वस्तुस्थितीच्या जवळ आहे. मतभेद किती श्रेणींचा आहे त्यानुसार भार देणारा कप्पा कोहेन यांनीच १९६८ मध्ये दिला. अनेक वाचकांसाठी फ्लाइस यांचे सूत्र १९७१ चे. लँडिस व कॉख (१९७७) यांची ०.६१ ते ०.८० म्हणजे ‘भरीव’ वगैरे पायरी सर्रास उद्धृत होते, पण तिच्या सीमा स्वतः त्यांनीही स्वैर ठरवलेल्या मानल्या होत्या.

या गुणांकातली मेख उदाहरणाने कळते. समजा १०० शाळकरी मुलांचे इको दोघांनी वाचले. ९० दोघांनाही निर्दोष, २ दोघांनाही सदोष वाटले, उरलेल्या ८ पैकी ४ एकाने आणि ४ दुसऱ्याने सदोष ठरवले. जुळणी ९२ टक्के. कप्पा मात्र ०.२९. आता इस्पितळातल्या १०० रुग्णांत ४६ दोघांनाही निर्दोष, ४६ सदोष, आणि वाद तसाच ८ चा. जुळणी पुन्हा ९२ टक्के, पण कप्पा ०.८४. वाचक तेच असतील, डोळे तेच असतील. बदलले ते समोर आलेले लोक. फाइनस्टाइन व सिचेटी यांनी १९९० मध्ये या विरोधाभासाची चिकित्सा केली. म्हणून नुसता कप्पा छापणाऱ्या अहवालापेक्षा चार चौकटींचा तक्ता (दोघांना निर्दोष, दोघांना सदोष, फक्त एकाला, फक्त दुसऱ्याला सदोष) देणारा अहवाल उपयोगी.

विकसनशील देशांत हा प्रश्न तीव्र होतो तो येथेच. तिथे इको यंत्र शाळेत नेले जाते ते संधिवाती हृदयविकार (संधिवाती तापाने झडपा बिघडणे) शोधायला, आणि बहुतेक मुले निर्दोष असतात. कंबोडिया व मोझांबिक येथील पाहणीत (२००७) स्टेथोस्कोपपेक्षा इकोने सुमारे दहापट रुग्ण दाखवले. त्यातले खरे किती, हा वाद लगेच उभा राहिला. जागतिक हृदय महासंघाचे २०१२ चे निकष त्यातूनच आले : माइट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील) झडपेच्या गळतीची धार निदान एका दृश्यात किमान २ सेंमी, ती दोन दृश्यांत दिसावी, वेग सेकंदाला किमान ३ मीटर, आणि ती संपूर्ण आकुंचनकाळ टिकावी. धार १.९ की २.० हे मात्र कर्सर ठेवणाऱ्या हातावर राहते. २०२३ च्या सुधारणेने रोगाचे अ ते ड असे टप्पे पाडले.

ईएफच्या आकड्याचेही (डावे निलय, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, दर ठोक्याला त्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) तेच. हृदयाचे चारही कप्पे दाखवणाऱ्या दृश्यात प्रोब (छातीवर टेकवायचे इकोचे उपकरण) जरा वर ठेवला गेला की हृदयाचे टोक कापले जाते, डावे निलय आखूड दिसते आणि ईएफ फुगते. एक जण आतली कडा स्नायूंच्या दोऱ्या वगळून आखतो, दुसरा त्यांच्यावरून. गोव्यातल्या वाळपईहून आलेल्या माणसाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एका ठिकाणचा ५५ आणि दुसऱ्या ठिकाणचा ४५ असे दोन रिपोर्ट निघाले, तर हृदय बिघडले की वाचक बदलला, हे दोन्ही क्लिपा (इकोची हलती चित्रे) शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. पिशवीत बहुधा कागदच असतो, क्लिप नसते.

गॅमा कॅमेऱ्याच्या चित्रात १७ खंडांना (२००२ ची रचना) प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. पुरुषांत श्वासपटलामुळे खालची भिंत आणि स्त्रियांत स्तनामुळे पुढची भिंत फिकी पडते. त्या फिकेपणाला व्रण (मेलेल्या स्नायूची खूण) म्हणावे की सावली, इथे वाचक फुटतात. भिंत हलते व जाड होते का हे ठोक्यांशी जुळवलेल्या चित्रणात पाहिले की वाद बराच निवळतो. टेक्निशियमचे अर्धायुष्य ६ तास, ज्या मॉलिब्डेनमपासून ते मिळते त्याचे ६६ तास. त्यामुळे आठवड्याच्या अखेरीस जनित्र (मॉलिब्डेनम ठेवलेले, टेक्निशियम देणारे पात्र) क्षीण होते, आणि तेव्हा मात्रा किंवा वेळ तोडली की चित्र दाणेदार येते.

गोवा : वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची, आजचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीत आहे. राज्य लहान असल्याने वाचकांचा गट लहान, आणि बरेच जण एकाच विभागात शिकलेले. अशांची आपसांतली जुळणी चांगली भरणे स्वाभाविक आहे. एका गुरूचे चेले चुकाही सारख्याच करतात. ‘स्टेमी गोवा’ या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या योजनेत दूरच्या केंद्रांवरून इसीजी पाठवून वाचला जातो. इसीजी हे चित्र नव्हे, आलेख. पण रुग्ण एकीकडे आणि वाचक दुसरीकडे ही घडी त्यातून बसली. इकोच्या क्लिपा याच वाटेने बाहेरच्या वाचकाकडे, रुग्णाचे नाव व आधीचा रिपोर्ट झाकून, पाठवता येतात. मतभेद झाल्यास तिसरा वाचक.