माळेनं मटण सुटतं, तंबाखू का सुटत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत एक नमुना हटकून सापडतो. गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवसापासून दारू बंद, मटण बंद, एकादशी चुकत नाही, आषाढीची वारी चुकत नाही. आणि हेच गृहस्थ पारावर बसून चुन्याची डबी काढतात, डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू घेऊन अंगठ्यानं मळतात, दोन थापा मारून भुकटी उडवतात नि ओठाआड सरकवतात. टोकलं तर म्हणतात, "सोडायचं हाय की ओ, पण मन घट्ट होईना." मन घट्ट नाही म्हणावं, तर दारू सोडताना ते कुठून आणलं होतं?

इच्छाशक्ती म्हणजे अंगातला एक साठा, वापरला की संपणारा, असं मानसशास्त्रात बरीच वर्षं मानलं गेलं. १९९८ साली रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपाशीपोटी आलेल्या विद्यार्थ्यांपुढे ताजी चॉकलेटची बिस्किटं आणि मुळे ठेवले. ज्यांना फक्त मुळेच खायची मुभा होती, त्यांनी नंतर दिलेलं न सुटणारं कोडं लवकर टाकून दिलं. बिस्किटांचा मोह आवरण्यातच त्यांचं बळ खर्ची पडलं, असा अर्थ लावला गेला. कल्पना जगभर गाजली. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर ती दुसऱ्या एका ठरीव कामातून तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण 'साठा संपला' ही सबब आता पूर्वीइतक्या ठामपणे देता येत नाही.

त्याहून बोलका अभ्यास २०१२ चा, जर्मनीतला. विल्हेल्म हॉफमन यांच्या गटानं दोनशेच्या वर माणसांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता कशाची इच्छा होतेय? ती आवरताय का? आत्मसंयमात वरचढ ठरलेली माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्यावर झुंजायची पाळीच कमी येत होती.

आता आपल्याकडची लक्ष्मीची जत्रा डोळ्यांपुढे आणा. पै-पाहुणे, अंगणात मटणाचे टोप, गल्लीभर मसाल्याचा वास. माळकरी पाहुणा आला की घरची बाई विचारत बसत नाही. त्याचं जेवण वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात तयार असतं. कुणी आग्रह करत नाही, मित्र ग्लास पुढे सरकवत नाहीत. माळकऱ्याचा निश्चय निम्मा त्याच्या मनात आणि निम्मा गावाच्या डोळ्यांत असतो. तंबाखूला असा पहारा नाही. काही महाराज तीही वर्ज्य सांगतात, पुष्कळ ठिकाणी तिच्याकडे काणाडोळा होतो, आणि वारीतसुद्धा शेजारचा वारकरी "घे की" म्हणून चिमूट पुढे करतो. निपाणीच्या पट्ट्यात तर ती शेतात पिकते, वखारीत साठते, विडी होऊन घराघरांतून बाहेर पडते. कुठं कुठं तोंड फिरवायचं?

शिवाय निकोटिन आपलं काम करतंच. ही तलफ केवळ विचारात नसते, शरीरात असते. मेंदूत इन्सुला नावाचा एक भाग आहे, शरीराच्या आतल्या जाणिवा टिपणारा. पक्षाघातानं तो दुखावला गेलेल्या काही धूम्रपान करणाऱ्यांची सवय एकाएकी, फारशा कष्टांविना सुटली, असं २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं. अर्थात हा काही उपाय नव्हे!

उपयोगी पडते ती 'जर-तर'ची बांधणी. पीटर गोलविट्झर यांनी ती दाखवून दिली. 'तंबाखू कमी करीन' हा संकल्प हवेत राहतो. 'जेवण झालं की बडीशेप तोंडात टाकीन' हा वेळेला आपसूक आठवतो. अशा ९४ चाचण्यांचा आढावा २००६ मध्ये निघाला आणि फरक चांगलाच दिसला. माळेचे नियम असेच रोखठोक असतात. 'मटण कमी खा' असं कुठलीच माळ सांगत नाही.

परंपरांना हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. इच्छा नसताना, जणू कुणी बळजबरीनं ढकलावं तसा माणूस पाप का करतो, हे अर्जुन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारतो. सहाव्यात मन आवरण्यासाठी कृष्ण सांगतो ते अभ्यास आणि वैराग्य. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटललाही हाच पेच पडला होता: चांगलं काय ते कळत असून माणूस उलट का वागतो? आणि आपल्या शेजारचा लिंगायत इष्टलिंग अंगावर धारण करतो, वारकरी माळ घालतो. दोघांनीही आपलं व्रत देवळात न ठेवता अंगावर ठेवलंय, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण माळ घालायचं ठरवतो तो 'मी' मोकळा असतो का? बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये लोकांना मनाला येईल तेव्हा हात हलवायला सांगितलं. हालचालीआधी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत विद्युत लाट उठत होती आणि 'आता हलवावा' ही जाणीव त्यानंतर, हालचालीच्या जेमतेम पाव सेकंद आधी होत होती. म्हणजे ठरवणारे आपण नव्हेच, असा गाजावाजा झाला. मला तो घाईचा वाटतो. हात आत्ता हलवला काय, क्षणभरानं हलवला काय, काय फरक पडतो? माळेचा विचार मात्र माणूस महिनोन्‌महिने करतो: घरातली भांडणं, डॉक्टरांचं बोलणं, सप्ताहातलं एखादं कीर्तन. २०१९ मध्ये उरी माओझ आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन संस्थांपैकी एकीला खरोखरची देणगी मिळवून द्यायला सांगितलं. निवडीनं काही फरकच पडणार नव्हता तेव्हा ती लाट ठळक दिसली. खऱ्या, विचार करून केलेल्या निवडीच्या वेळी ती जवळजवळ आढळलीच नाही.