आवडता एडिटर आणि १.३५ सेकंदांचा हिशेब

साधा मजकूर लिहिण्याचे काम कोणताही टेक्स्ट एडिटर करू शकतो, तरीही विम चांगला की ईमॅक्स, हा प्रोग्रामर मंडळींमधला वाद कित्येक दशके चालू आहे. ज्याची त्याची आवड म्हणून तो सोडून देण्याचे कारण नाही, कारण या आवडीमागच्या निदान दोन गोष्टी तपासून पाहता येतात: एडिटर ज्या यंत्रावर घडला ते यंत्र, आणि त्याला सरावलेल्या हातांचा वेग.

विमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर बिल जॉय याने १९७६च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत असताना लिहिला. त्याच्यासमोर एडीएम-३ए नावाचा टर्मिनल, म्हणजे दुसरीकडच्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, होता. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते, आणि आज जिथे टॅबची कळ असते तिथे एस्केपची कळ होती. घरून काम करताना मोडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. २४ ओळींचा आणि ८० रकान्यांचा पडदा, म्हणजे १,९२० अक्षरे, एकदा पूर्ण रंगवायला मिनिटाहून अधिक वेळ जाई. अशा परिस्थितीत आज्ञा एकदोन अक्षरांत संपवणे आणि पडद्यावर कमीत कमी बदल करणे हाच शहाणपणा होता. त्यामुळे व्हीआयमध्ये दोन अवस्था आल्या: एकीत अक्षरे उमटतात, दुसरीत तीच अक्षरे आज्ञा होतात. एच-जे-के-एल वापरून कर्सर हलवण्याची रीत विमने जशीच्या तशी उचलली, आणि तो टर्मिनल कधी पाहिलेलाही नाही अशा तरुणांच्या बोटांत ती आज भिनलेली आहे.

ईमॅक्सचा जन्मही १९७६चाच, पण एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या जुन्या एडिटरच्या मॅक्रोंमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकांमधून, तो उभा केला. इथे अक्षराची कळ दाबली की अक्षरच उमटते; आज्ञा द्यायची तर सोबत कंट्रोल किंवा मेटा (आजच्या कीबोर्डवर बहुधा ऑल्ट) ही कळ दाबून धरायची. त्या प्रयोगशाळेच्या कीबोर्डांवर या कळा स्पेसबारला लागून, अंगठ्याच्या आवाक्यात होत्या. पुढे पीसीच्या कीबोर्डवर कंट्रोल कोपऱ्यात गेली आणि ईमॅक्सवाल्यांच्या करंगळ्या दुखू लागल्या. तक्रार एडिटरच्या नावाने होत असली, तरी दोष बदललेल्या कीबोर्डचा आहे.

यातली कोणती रीत जलद, हे मोजण्याचे साधन १९८०मध्ये मिळाले. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी संगणकावरच्या कामाचे छोट्या क्रियांत तुकडे पाडून प्रत्येकीला सरासरी वेळ दिला. सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला ०.२ सेकंद, माउसने नेमक्या जागी पोहोचायला १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर किंवा उलट न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचे याची मनात जुळणी करायला १.३५ सेकंद. या यादीतली सर्वांत महाग गोष्ट विचार आहे, आणि एडिटरच्या वादात नेमकी तीच कुणी मोजत नाही.

उदाहरणार्थ, कर्सरच्या दहा ओळी खाली असलेली एक ओळ पुसायची आहे. माउसवाला विचार करतो, हात माउसवर नेतो, ओळीपर्यंत पोहोचतो, तीन क्लिकमध्ये ती निवडतो, हात परत आणतो आणि डिलीट दाबतो: ४.०५ सेकंद. विमवाला दहाचा आकडा, जे आणि दोनदा डी अशा पाच कळा दाबतो. एका विचारासह २.३५ सेकंद. जिंकला म्हणावे, तर ती ओळ दहावीच आहे हे त्याला आधी पडद्यावरून ताडून घ्यावे लागते. त्यासाठी विचाराचा आणखी एक तुकडा धरला की बेरीज ३.७ होते आणि फरक जेमतेम एक तृतीयांश सेकंद उरतो.

याच तिघांच्या नियमांत एक कलम असे आहे, की पुढची क्रिया आधीच अपेक्षित असेल तर तिच्यापूर्वीचा विचाराचा वेळ धरायचा नाही. सराव म्हणतात तो हाच. दहा वर्षे ईमॅक्स वापरणाऱ्याच्या हिशेबातून कित्येक १.३५ गळून गेलेले असतात. तोच माणूस विमसमोर बसला, की ते सगळे परत येतात. आपलाच एडिटर सर्वांत जलद, असे दोन्ही पक्षांना वाटते, आणि मला तर दोघेही खरेच बोलत असावेत असे वाटते. टेरेसा रॉबर्ट्स आणि मोरान यांनी १९८३मध्ये नऊ एडिटरांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हाही तज्ज्ञाला लागणारा वेळ आणि नवख्याची शिकण्याची गती या दोन बाबी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. त्या एकत्र केल्या की वाद फक्त वाढतो.

२०१५ साली आलेल्या व्हीएस कोड या एडिटरने झपाट्याने बाजी मारली, त्यामागे इतर सोयींबरोबर हेही एक कारण दिसते: कापणे, चिकटवणे, जतन करणे यांसाठी लोकांच्या बोटांना आधीच ठाऊक असलेल्या कळा त्याने तशाच ठेवल्या. विमवाल्यांनाही त्यात एक्स्टेन्शन घालून आपल्या कळा सोबत नेता येतात. एडिटर बदलला तरी हात तेच राहतात.

मराठी लिहिणाऱ्याला मात्र या हिशेबात एक जादा रक्कम भरावी लागते. संगणकाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिपींसाठीची प्रमाणित कळरचना) चालू असताना विममध्ये आज्ञेच्या अवस्थेत गेलो, की जेच्या कळेतून र येतो, केच्या कळेतून क, आणि ओळ पुसण्यासाठी दोनदा डी दाबला तर एडिटरकडे दोन हलन्त पोहोचतात. कर्सर हलत नाही, ओळ पुसली जात नाही. ईमॅक्समध्ये देवनागरीची इनस्क्रिप्ट पद्धत आतच दिलेली आहे. ती वापरली तर संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो आणि कंट्रोलच्या आज्ञा बिनघोर चालतात. विममध्येही केवळ लेखनाच्या अवस्थेत लागू होणारा कीमॅप, म्हणजे कोणत्या कळेतून कोणते अक्षर यावे याचा तक्ता, नेमता येतो, पण तो मुद्दाम जुळवावा लागतो. तोवर प्रत्येक आज्ञेआधी आत्ता कोणता कीबोर्ड चालू आहे हे आठवून पाहावे लागते, आणि सरावाने वाचवलेले १.३५ सेकंद तिथेच खर्ची पडतात.