दुप्पट की चौपट?

गाडीचा वेग दुप्पट केला, तर थांबायला किती अंतर लागेल? वाहन चालवायला शिकणाऱ्यांच्या सरावात हा प्रश्न हमखास असतो. झटकन येणारे उत्तर ‘दुप्पट’. भौतिकशास्त्र थोडेफार आठवत असेल तो ‘चौपट’ म्हणतो. दोघांच्याही उत्तरावर फुली मारून खरे उत्तर सांगितले की आपले काम संपले, असे शिकवणाऱ्याला वाटते. माझ्या मते ते तिथे सुरू होते.

आधी विचारावे, ‘दुप्पट का वाटले?’ मग कळते की पहिल्याच्या डोळ्यांपुढे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा क्षण आहे. तेवढ्या वेळात गाडी आहे त्याच वेगाने पळते, म्हणजे अंतर खरोखरच दुप्पट. दुसरा विचार करतोय तो ब्रेक लागल्यानंतरचा. तोही बरोबर आहे. प्रत्येकाने प्रश्नाचा अर्धाच भाग सोडवलाय, एवढेच.

आता आकडे घेऊ. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. प्रतिक्रियेला एक सेकंद लागतो असे धरू, आणि ब्रेकमुळे दर सेकंदाला वेग ५ मीटरने उतरतो असे मानू. पहिल्या सेकंदात गाडी १० मीटर जाते. मग थांबायला दोन सेकंद, त्या काळातला सरासरी वेग ५, म्हणजे आणखी १० मीटर. एकूण २०.

वेग ताशी ७२ केला तर प्रतिक्रियेत २० मीटर जातात. थांबायला चार सेकंद लागतात आणि सरासरी वेग १० होतो. वेळही दुप्पट, सरासरी वेगही दुप्पट, म्हणून ४० मीटर. ब्रेकनंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे सूत्र पाठ नसले तरी ते असे डोळ्यांसमोर उभे राहते. एकूण ६०, म्हणजे या आकड्यांपुरते तिप्पट! आणि २० मीटरवर कोणी आडवे आले तर? हळू गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. वेगवान गाडीचा ब्रेक तोवर लागलेलाही नसतो. ती पूर्ण ७२ च्या वेगाने आदळते.

अर्थात प्रत्येक प्रश्नाला हा खटाटोप नको. रस्त्यावरच्या खुणा सरळ पाठच कराव्या लागतात. तरी ‘थांबा’चा फलक अष्टकोनी असल्याने मागून पाहूनही ओळखू येतो, एवढे सांगितले की तो डोक्यातून जात नाही.

अगदी नवख्याला मात्र ‘तूच शोध’ म्हणून सोडून देणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय. शिकण्याच्या मानसशास्त्राचे अभ्यासक जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी नंतर तशीच गणिते अधिक वेगाने आणि कमी चुका करत सोडवली. एकावेळी मनात फार थोड्या गोष्टी मावतात. नवखा वाट शोधण्यातच दमतो, शिकायला जागा उरत नाही. पण हात बसल्यावर तीच उदाहरणे अडगळ होतात. म्हणून आधी पूर्ण सोडवलेले गणित द्यावे, पुढच्यात शेवटची पायरी रिकामी ठेवावी, त्यापुढच्यात शेवटच्या दोन.

आणि मग वही मिटायला सांगावी. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता, नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. ‘आत्ता येतंय की!’ या भावनेवर विसंबणे किती फसवे असते, ते यात दिसते. आणि शिकवणाराही त्याच भावनेला फसतो, कारण मुलाची मान हललेली त्याने पाहिलेली असते.

म्हणून दोन दिवसांनी गाडीचा प्रश्न पुन्हा काढावा, पण जरा वळवून. रस्ता ओला आहे, ब्रेकची पकड निम्मी झाली आहे, वेग ताशी ७२. आता एकूण अंतर किती? कोणी ६० ची दुप्पट करून १२० म्हणाले, तर पुन्हा तेच विचारावे, ‘का वाटले?’ रस्ता ओला झाला म्हणून डोळा आणि पाय काही मंदावत नाहीत. प्रतिक्रियेचे २० मीटर तेवढेच राहतात, ४० चे ८० होतात, आणि गाडी १०० मीटरवर थांबते.