बंद असलेल्या दिवसांचं व्याज

जुलै २०२०मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने एक तातडीचा आदेश काढला. बोइंग ७३७च्या जुन्या पिढ्यांमधलं जे विमान सलग ७ दिवस किंवा त्याहून जास्त जमिनीवर उभं असेल, त्याच्या इंजिनातली एक ठरावीक झडप तपासल्याशिवाय ते उडवू नये, असं त्यात म्हटलं होतं. उभ्या विमानांत ही झडप गंजत होती आणि उड्डाण केल्यावर उघडी अडकून बसत होती. हवेत असताना एक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना तोवर घडल्या होत्या. दोन्ही इंजिनांना एकाच वेळी तेच झालं असतं तर काय, या भीतीपोटी अमेरिकेतल्या सुमारे २ हजार विमानांना हा आदेश लागू झाला.

रोज पाच-सहा खेपा मारून जे यंत्र दमत नाही, ते आठवडाभर नुसतं उभं राहिलं तर बिघडतं. २०२०च्या महासाथीने जगाला काय शिकवलं याच्या याद्या पुष्कळ झाल्या, पण ही साधी गोष्ट त्यांत क्वचितच दिसते. ‘बंद’ म्हणजे सगळं जिथल्या तिथे थांबलं आणि उघडल्यावर तिथूनच पुढे सुरू होणार, असं आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात विमान, कर्ज आणि वाचायला शिकणारं मूल या तिन्ही गोष्टी चालू राहण्यावरच टिकून असतात. थांबल्या की त्या मागे सरकतात, आणि किती मागे सरकतात याचा हिशेब बंदच्या दिवसांच्या सरळ प्रमाणात नसतो.

आधी विमानांचं बघू. एप्रिल २०२०मध्ये जगातली निम्म्याहून जास्त प्रवासी विमानं जमिनीवर होती. उभी करायला जागा पुरेना, म्हणून काही ठिकाणी धावपट्ट्याच वाहनतळ झाल्या. नशीबवान विमानांना वाळवंट मिळालं: कॅलिफोर्नियातलं मोहावी, स्पेनमधलं तेरुएल, ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. कोरड्या हवेत धातू हळू गंजतो म्हणून ही ठिकाणं. पण तिथेही विमान सोडून देता येत नाही. टायर एकाच बाजूने चपटे होऊ नयेत म्हणून चाकं अधूनमधून फिरवावी लागतात, इंजिनं ठरलेल्या दिवशी चालवून बघावी लागतात, प्रत्येक भोक झाकावं लागतं.

भोकं झाकण्याचं कारण मजेदार आहे. विमानाच्या नाकाजवळ ‘पिटो ट्यूब’ नावाची बारीक नळी असते. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आणि आजूबाजूच्या हवेचा दाब यांतल्या फरकावरून विमानाचा वेग कळतो, तो या नळीमुळे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन विमानतळावर अमेरिका खंडातून आलेली कुंभारमाशीची एक जात या नळीत चिखलाचं घरटं बांधते. २०१३मध्ये अशाच घरट्यामुळे एका मोठ्या विमानाला उड्डाणानंतर लगेच माघारी यावं लागलं होतं. तिथल्या अभ्यासकांनी थ्रीडी प्रिंटरवर नकली नळ्या बनवून विमानतळावर ठेवल्या आणि माशी कोणत्या मापाची नळी पसंत करते ते मोजलं. तो अभ्यास छापून आला नोव्हेंबर २०२०मध्ये. हजारो विमानं जगभर उभी असताना याहून नेमका मुहूर्त सापडला नसता. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनेही त्याच उन्हाळ्यात इशारा दिला होता, की साठवणीतून बाहेर काढलेल्या विमानांत वेगाचे चुकीचे आकडे दिसण्याचे प्रकार वाढले आहेत.

यंत्रासारखीच माणसाच्या हातातली सफाईही झिजते. प्रवासी घेऊन उडायचं तर वैमानिकाने आधीच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं केलेली हवीत, हा नियम बहुतेक देशांत आहे. विमानंच बंद म्हटल्यावर वैमानिकांची रांग लागली सिम्युलेटरपुढे, आणि सिम्युलेटर असतात मोजकेच.

थांबलेली विमानं भलत्याच ठिकाणी जाणवली ती म्हणजे हवामान खात्यात. प्रवासी विमानं उडता उडता तापमान आणि वाऱ्याची नोंद करून खाली पाठवत असतात आणि ती थेट अंदाजाच्या गणितात जाते. युरोपीय हवामान केंद्राकडे युरोपातून येणाऱ्या अशा नोंदी मार्च २०२०च्या तीन आठवड्यांत ६५ टक्क्यांनी घटल्या. काही देशांनी भरपाई म्हणून हवामान मोजणारे जास्तीचे फुगे सोडले. मालवाहतुकीचंही तसंच. जगातला विमानाने जाणारा जवळपास निम्मा माल प्रवाशांच्या पायाखाली, त्याच विमानाच्या पोटात असतो. पर्यटक घरी बसले तेव्हा औषधांची आणि सुट्या भागांची जागाही गेली.

आता पैशाकडे. धंद्यात पैसा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने फिरतो हे महत्त्वाचं, असं कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असतं. खेळतं भांडवल हा शब्द उगाच आलेला नाही. अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने सुमारे ६ लाख छोट्या व्यवसायांची बँक खाती तपासली होती, महासाथीच्या चार वर्षं आधी. आवक पूर्ण बंद झाली तर मधल्या क्रमांकावरचा व्यवसाय शिलकीवर किती दिवस तग धरेल? उत्तर आलं २७ दिवस. भारतात २५ मार्च २०२० रोजी सुरू झालेल्या टाळेबंदीचा पहिला टप्पाच २१ दिवसांचा होता आणि मग ती मुदत वाढत गेली. भाडं, विजेचा स्थिर आकार, पगार, हप्ते यांतलं काहीच थांबलं नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी आक्रसलं, असा पहिला सरकारी अंदाज होता.

मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहिलं तर ही साखळी नीट दिसते. महासाथीआधी साधारण ५ हजार माणसं, रोज दोन लाखांच्या आसपास डबे. यंत्रसामग्री म्हणजे सायकल, हातगाडी आणि लोकल. मार्च २०२०मध्ये लोकल थांबली ती जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेसाठी उघडली. लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना मोकळा प्रवास मिळाला थेट १५ ऑगस्ट २०२१ला. तोवर डबा खाणारा माणूसच घरून काम करायला लागला होता. लोकल परत आली, गिऱ्हाईक पूर्वीइतकं परतलं नाही. मार्ग उघडणं आणि त्या मार्गावरची वर्दळ परत येणं यांत फरक असतो.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२०मध्ये कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. घेणाऱ्यांपैकी अनेकांना ती माफी वाटली. तसं नव्हतं. समजा १० लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो साधारण ८,९९७ रुपये. पण पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फिटतं अवघं १,४९७ रुपयांनी. कर्ज नवं असतानाच सहा हप्ते थांबवले, तर त्या काळाचं ४५,८५२ रुपये व्याज मुद्दलात मिळतं. हप्ता तोच ठेवला तर आता २४० ऐवजी २७५ हप्ते भरावे लागतात. थांबवले सहा, वाढले पस्तीस. यात बँकेने काही लबाडी केलेली नसते. सुरुवातीच्या काळात मुद्दल इतकं सावकाश कमी होत असतं, की ४५ हजारांची भर फेडायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो.

त्या वेळी वाद पेटला तो ‘व्याजावरच्या व्याजा’चा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये ते आकारता येणार नाही असा निर्णय दिला आणि वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. आपल्या उदाहरणात ती रक्कम होते ८५२ रुपये, म्हणजे एका हप्त्याचा दहावा भागही नाही. बाकीचे ४५ हजार तसेच राहिले. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

शाळेच्या बाबतीतही हेच गणित लागू पडतं, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा महासाथीच्या आधीचा आहे. ८ ऑक्टोबर २००५च्या भूकंपात पाकिस्तानच्या उत्तर भागातल्या शाळा कोसळल्या. मुलांची शाळा सरासरी १४ आठवडे बुडाली. घरांना मदत मिळाली, शाळा पुन्हा बांधल्या, मुलं परतली. चार वर्षांनी अभ्यासकांनी मुलांची चाचणी घेतली, तेव्हा भूकंपरेषेजवळची मुलं लांबच्या मुलांपेक्षा दीड इयत्तेने मागे होती. बुडाले होते सव्वातीन महिने. शाळा उघडल्यावर खड्डा भरला नाही, उलट वाढत गेला. कारण बहुधा हे, की शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या वेगाने पुढे गेले, आणि ज्याला वजाबाकी आली नाही त्याच्यापुढे भागाकार आला. ज्यांची आई प्राथमिक शाळा शिकलेली होती, त्या मुलांमध्ये मात्र ही घट दिसली नाही. घरात कुणीतरी हप्ते भरत होतं.

महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मार्च २०२०मध्ये बालवाडीत असलेलं मूल वर्गात बसलं ते एकदम दुसरीत. मधल्या काळात ऑनलाइन शिक्षण होतं असं म्हणायचं. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार स्मार्टफोन असलेली घरं २०१८मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेली. पण घरात फोन असूनही २६ टक्के मुलांच्या हाती तो पडत नव्हता. तो बापाबरोबर कामावर जात होता, यात नवल ते काय!

आणि फोन मिळाला तरी लहान मुलाचं वाचन त्यावर सहज होत नाही. मूल अक्षर चुकतं, बाई तिथल्या तिथे थांबवतात, ते पुन्हा म्हणतं. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला जगभरच्या भाषांत सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो, हे मोजलेलं आहे. अडखळत्या नेटवर्कवर ही लय मोडते, चाळीस मुलांच्या ऑनलाइन वर्गात तर उरतच नाही. म्हणून मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर स्पीकर घेऊन फिरलेली ‘बोलकी शाळा’ किंवा सोलापूरच्या नीलमनगरातल्या भिंतींवर रंगवलेले धडे मला त्या काळातल्या कित्येक अ‍ॅपपेक्षा जास्त शहाणपणाचे वाटतात. निदान मुलं एकत्र उभी राहून मोठ्याने म्हणत तरी होती.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या १६ हजार मुलांची पाहणी केली. वर्षापूर्वी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं विसरली होती. शिकायचं राहिलं ते वेगळंच, शिकलेलंही गेलं होतं. २०२२च्या ‘असर’मध्ये तिसरीतल्या फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०१८मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होतं.

पाकिस्तानचा अनुभव पाहता ही मुलं पुढे आणखी मागे पडायला हवी होती. २०२२मध्ये तिसरीत असलेली हीच पिढी २०२४मध्ये पाचवीत पोचली, तेव्हा पुन्हा मोजणी झाली. दुसरीचा उतारा वाचणारी निघाली ४८.८ टक्के. महासाथीआधीच्या, म्हणजे २०१८च्या पाचवीत हा आकडा होता ५०.५. खड्डा जवळजवळ भरलेला दिसतो. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेत पायाभूत वाचन आणि अंकज्ञानावर भर होता, अनेक राज्यांत मुलाची इयत्ता न बघता त्याला काय येतं ते बघून गट पाडले गेले. म्हणजे नुसते पुढचे हप्ते भरत न बसता थेट मुद्दलाला हात घातला. श्रेय नेमकं किती कुणाला, यावर वाद होऊ शकतो, पण सगळी भरपाई आपोआप झाली असेल असं मला वाटत नाही.

पाचवीतली जी निम्मी मुलं २०२४मध्येही दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती, त्यांचं खापर मात्र विषाणूवर फोडता येणार नाही. २०१८मध्येही ती जवळपास तेवढीच होती, आणि तेव्हा शाळा चालू होत्या.